प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीची राखण : दफनसंघापासून संग्रहालयापर्यंत

झेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग या शहराच्या योसेफोव्ह भागात, व्ल्टावा नदीच्या उजव्या तीराजवळ, सुमारे एक हेक्टर जागेत असलेली जुनी ज्यू दफनभूमी ही युरोपातील जुन्या आणि बऱ्याच अंशी शाबूत राहिलेल्या ज्यू दफनभूमींपैकी एक असून, तिच्यात आज सुमारे १२,००० समाधिशिळा उभ्या, कललेल्या किंवा अर्ध्या मातीत रुतलेल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत जुनी शिळा रब्बी व कवी अविग्दोर कारा यांची, १४३९ सालची आहे. शेवटचे दफन मोझेस बेक यांचे, १७८७ साली झाले. या साडेतीनशे वर्षांत येथे कोण निजले याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेला भाग म्हणजे ही भूमी कोणी राखली, कोणत्या नियमाने राखली आणि ज्यांनी राखली त्या संस्था स्वतः कशा टिकल्या किंवा मोडल्या, हा आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने त्याचा विचार केला आहे.

या राखणीचे मूळ ज्यू धर्मशास्त्रातील एका दंडकात आहे. ‘हलाखा’ म्हणजे ज्यू धर्मनियमांचा समुच्चय. त्यानुसार कबरीची जागा तिच्यातील मृत व्यक्तीची कायमची मानली जाते आणि अस्थी उकरणे किंवा जुनी कबर रिकामी करून तिच्यात नवे दफन करणे, काही अपवाद सोडल्यास, निषिद्ध ठरते. ख्रिस्ती युरोपात चर्चच्या आवारातील जुन्या अस्थी अस्थिगृहात हलवून जागा मोकळी करण्याची रीत ठिकठिकाणी होती. ज्यूंना ती वाट बंद होती. त्यातच प्रागचे ज्यू ‘घेट्टो’त, म्हणजे त्यांना नेमून दिलेल्या बंदिस्त वस्तीत राहत असल्यामुळे नवी जमीन मिळणे दुरापास्त होते. लगतचे तुकडे वेळोवेळी घेऊन दफनभूमी वाढवण्यात आली, पण तेही पुरेनात, तेव्हा बाहेरून माती आणून जुन्या कबरींवर भराव घालायचा, त्या नव्या थरात नवे दफन करायचे आणि खालच्या कबरींच्या शिळा वर आणून नव्या शिळांशेजारी उभ्या करायच्या, असा तोडगा निघाला. आज दिसणारी शिळांची दाटी, त्यांचे परस्परांवर रेलणे आणि भोवतालच्या रस्त्यांपेक्षा उंच झालेली जमीन हे सारे या तोडग्याचे परिणाम आहेत. ज्याचे प्रवासवर्णनांतून गूढरम्य म्हणून कौतुक होते, ते दृश्य वास्तविक एका नियमाच्या काटेकोर पालनातून घडले आहे. हे थर बारा आहेत असे मार्गदर्शिकांतून ठामपणे सांगितले जाते. तथापि खोदकामच निषिद्ध असल्यामुळे ते कोणी उकलून मोजलेले नाहीत, आणि थर एकाहून अधिक आहेत, एवढ्यावर थांबणे अभ्यासकाला भाग आहे.

नियम मोडला की काय होते, याचे उदाहरण प्रागच्या ज्यूंच्या डोळ्यांसमोर होते. या भूमीच्या आधी नव्या नगराच्या हद्दीत ‘ज्यू बाग’ या नावाने ओळखली जाणारी तेराव्या शतकातील एक दफनभूमी होती. राजा व्लादिस्लाव दुसरा याने ती १४७८ साली बंद केली, पुढे तिच्यावर घरे व रस्ते झाले आणि तिचा मागमूस राहिला नाही. तिथल्या चौदाव्या शतकातील काही शिळांचे तुकडे एकोणिसाव्या शतकात सापडले, ते १८६६ साली जुन्या दफनभूमीत आणून भिंतीत बसवण्यात आले. राजाज्ञेने दिलेली जमीन राजाज्ञेनेच जाऊ शकते, हा अनुभव पाठीशी असलेल्या समाजाला केवळ परवान्याच्या कागदावर विसंबून राहणे शक्य नव्हते. त्याला सतत जागत्या अशा एखाद्या मंडळाची गरज होती.

ते मंडळ १५६४ साली स्थापन झाले. रब्बी एलिएझर अश्केनाझी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या दफनसंघाला ‘हेव्रा कदीशा’ म्हणतात. हे अरामी भाषेतील नाव असून त्याचा अर्थ ‘पवित्र मंडळी’ असा होतो. संघाचे सदस्य मोबदला न घेता काम करीत आणि ते काम केवळ खड्डा खणण्यापुरते नव्हते. आजाऱ्याच्या घरी जाणे, अंतकाळी त्याच्याजवळ बसून प्रार्थना म्हणणे, मृतदेहाला विधिपूर्वक स्नान घालणे (या स्नानाला ‘तहारा’ म्हणतात), पांढऱ्या कापडाचे साधे कफन शिवणे, देह वाहून नेणे, दफन करणे, घरच्यांचे सांत्वन करणे आणि गरिबाच्या अंत्यविधीचा खर्च उचलणे ही सारी जबाबदारी संघाची होती. मृताकडून परतफेडीची अपेक्षा करता येत नाही, म्हणून त्याची सेवा ही ज्यू परंपरेत सर्वांत निखळ सेवा मानली जाते. या समजुतीमुळे संघाचे सदस्यत्व प्रतिष्ठेचे ठरले. प्रागच्या संघाची नियमावली पुढे इतर ज्यू वस्त्यांतील अशा मंडळांना नमुन्यादाखल उपयोगी पडली.

या कामाचे स्वरूप समजण्यासाठी उत्तम साधन म्हणजे १७७२ च्या सुमारास संघासाठी रंगवण्यात आलेली चित्रमालिका होय. तिच्यात आजाऱ्याची विचारपूस, मृत्युशय्येजवळची प्रार्थना, कफनाची शिवण, स्नान, कबरीचे खोदकाम, दफनभूमीतून बाहेर पडताना हात धुणे आणि संघाचे वार्षिक भोजन असे प्रसंग क्रमाने आले आहेत. चित्रकाराचे कसब बेताचे आहे. माणसे ताठ आणि चेहरे सारखे आहेत. पण कोण कुठे उभा राहतो, कोणाच्या हातात काय आहे आणि कोणता पोशाख कोणत्या प्रसंगी घातला जातो याची जी बारकाईने नोंद त्यात झाली आहे, तिच्यामुळे ही मालिका लिखित नियमावलीइतकीच मोलाची ठरते. वार्षिक भोजनाचे चित्र तर विशेष बोलके आहे, कारण मृत्यूशी रोजचा संबंध असणारी ही माणसे एरवी एक सुस्थित, शिस्तबद्ध आणि आपल्या मानमरातबाची जाण असलेली नागर संस्था होती, हे त्यातून दिसते.

दफनभूमीतील शिळा हा या संस्थेचा दुसरा दस्तऐवज आहे. जुन्या शिळा वालुकाश्माच्या व साध्या आहेत. सोळाव्या शतकापासून गुलाबी छटेचा स्थानिक संगमरवरही दिसू लागतो आणि कोरीवकाम वाढत जाते. समाजातील फार थोर व्यक्तींसाठी चार बाजूंनी शिळा उभ्या करून वर छपरासारखे दगड ठेवलेली, पेटीच्या आकाराची समाधी बांधली जाई. घेट्टोचे धनाढ्य प्रमुख मोर्दखाय मायझेल (मृत्यू १६०१), ‘महाराल’ या नावाने विख्यात असलेले रब्बी लोव्ह (मृत्यू १६०९) आणि हेंडल बासेव्ही (मृत्यू १६२८) यांच्या समाध्या या प्रकारच्या आहेत. शिळांवरील चिन्हांना अर्थ आहे: आशीर्वादासाठी पसरलेले दोन हात हे ‘कोहेन’ म्हणजे पुरोहितकुळाचे, पाण्याची सुरई ही पुरोहितांचे हात धुणाऱ्या लेवी कुळाचे चिन्ह, सिंह, हरीण, मासा हे बहुधा मृताच्या नावावरून आलेले, तर कात्री शिंप्याची. लेख हिब्रू भाषेत आहेत. कोकणातील आणि मुंबईतील बेने इस्रायली कबरींवर हिब्रूबरोबर मराठी मजकूर वाचण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला ही एकभाषिकता जाणवल्याशिवाय राहत नाही. कालगणनाही हिब्रू पंचांगाची असून वर्ष अंकांऐवजी अक्षरांनी दिले जाते, कारण प्रत्येक हिब्रू अक्षराला संख्यामूल्य असते, आणि सहस्राचा आकडा बहुधा गाळला जातो. या पद्धतीमुळे एखादे अक्षर झिजले की सालात पाचपन्नास वर्षांची तफावत पडू शकते. शिळांची डागडुजी आणि त्यांचे वाचन ही दोन कामे एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, ती या कारणाने.

घेट्टोवर आलेल्या आपत्ती या भूमीने झेलल्या. १६८९ च्या भीषण आगीत वस्तीचा मोठा भाग जळाला. १७४५ मध्ये मारिया थेरेसा राणीच्या हुकमाने ज्यूंना प्राग सोडावे लागले, ते १७४८ नंतर परतले. कागद जळतात आणि माणसे विस्थापित होतात, तेव्हा दगडावरची नोंदच काय ती जागेवर राहते, हे संघाला या प्रसंगांनी शिकवले असावे. खरा बदल मात्र सम्राट योसेफ दुसरा याच्या काळात झाला. त्याने आरोग्याच्या कारणास्तव नगराच्या आत दफन करण्यास मनाई केली आणि १७८७ पासून ज्यूंचे दफन झिझकोव्ह भागातील दफनभूमीत होऊ लागले. ती भूमी मूळ १६८० च्या प्लेगच्या साथीत काढलेली होती. चालू वापर थांबला की दफनभूमीचे उत्पन्न थांबते, नातेवाइकांचे येणे कमी होते आणि काही पिढ्यांत ती मोकळी जागा म्हणून पाहिली जाऊ लागते. जुनी भूमी या अवस्थेत असताना तिचे रक्षण ज्यांनी केले, त्यांच्या हातात फावडे नव्हते, लेखणी होती.

कोप्पेलमान लीबेन यांनी १८५६ साली ‘गाल एद’ या नावाने १७० निवडक समाधिलेख प्रसिद्ध केले आणि त्याला प्रागचे प्रमुख रब्बी व इतिहाससंशोधक श्लोमो येहूदा रापोपोर्ट यांनी प्रस्तावना लिहिली. त्याच शतकात सिमोन होक यांनी वर्षानुवर्षे शिळांवरचे लेख उतरवून प्रागच्या ज्यू घराण्यांची साधनसामग्री जमवली. ते १८८७ मध्ये वारले. त्यांचे काम दाविद काउफमान यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने प्रकाशात आणले. या ग्रंथांनी भूमीचे स्थान बदलले. तोपर्यंत ती एका समाजाची श्रद्धेची जागा होती, आता ती विद्वानांच्या दृष्टीने मूळ साधनांचा संग्रह झाली. आणि नगरपालिकेला श्रद्धेपेक्षा इतिहासाचे वजन अधिक वाटते, हे पुढच्या घडामोडींत दिसून आले.

त्या घडामोडी म्हणजे १८९३ च्या कायद्याने सुरू झालेली ‘आसानात्से’, अर्थात आरोग्याच्या नावाखाली जुनी वस्ती पाडून नवी उभारण्याची योजना. काही वर्षांत घेट्टोची जवळजवळ सर्व घरे जमीनदोस्त झाली; सिनेगॉगांपैकी (सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर) काही, ज्यू नगरभवन आणि दफनभूमी एवढेच उरले. दफनभूमीलाही धक्का बसलाच: १९०३ मध्ये तिच्या कडेचा एक भाग रस्त्यासाठी गेला आणि तिथले अवशेष क्लाउस सिनेगॉगजवळील, पूर्वी तान्ह्या बालकांचे दफन होत असलेल्या ‘नेफेले’ नावाच्या उंचवट्यावर पुन्हा पुरण्यात आले. याच पाडापाडीतून दुसरी संस्था जन्मली. इतिहासकार सालोमोन हुगो लीबेन आणि ज्यू समाजाचे एक प्रतिनिधी आउगुस्टिन स्टाइन यांनी १९०६ साली प्रागचे ज्यू संग्रहालय स्थापन केले. पाडल्या गेलेल्या सिनेगॉगांतील पडदे, चांदीची उपकरणे व ग्रंथ यांना आसरा देणे हा त्याचा पहिला हेतू होता. दफनसंघाने विसाव्या शतकाच्या आरंभी दफनभूमीच्या दारात नवरोमनेस्क शैलीत बांधलेले विधिगृह १९२६ मध्ये संग्रहालयाकडे आले. जिथे तहाराचा विधी होत असे तिथे तहाराची उपकरणे प्रदर्शित होऊ लागली. संघाकडून संग्रहालयाकडे झालेल्या या हस्तांतराची तारीख एक नाही. ते हळूहळू, इमारतीमागून इमारत आणि जबाबदारीमागून जबाबदारी असे घडले.

१९३९ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्याने प्राग ताब्यात घेतले. १९४२ साली नाझी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ‘मध्यवर्ती ज्यू संग्रहालय’ सुरू झाले आणि बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील रिकाम्या करण्यात आलेल्या १५३ ज्यू वस्त्यांमधील धार्मिक वस्तू, ग्रंथ व दप्तरे त्यात जमा होऊ लागली. नामशेष वंशाचे संग्रहालय उभारण्याची हिटलरची योजना होती, असे यासंबंधी वारंवार लिहिले जाते. त्या वाक्याला समकालीन कागदोपत्री आधार मिळालेला नाही आणि अभ्यासक आता ते स्वीकारत नाहीत. अधिक खात्रीने सांगता येते ते असे की, कल्पना ज्यू समाजाच्या कर्मचाऱ्यांनी मांडली, परवानगी नाझींनी आपल्या हेतूंसाठी दिली आणि दोघांचे हेतू परस्परविरुद्ध असूनही काम एकाच टेबलावर चालले. योसेफ पोलाक, टोबियास याकोबोव्हिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो वस्तूंच्या शास्त्रशुद्ध नोंदी केल्या. संग्रहालयाचे संस्थापक सालोमोन हुगो लीबेन १९४२ मध्ये वारले. पोलाक व याकोबोव्हिट्स युद्धाचा शेवट पाहू शकले नाहीत. तज्ज्ञांपैकी हाना व्होलाव्हकोव्हा या वाचल्या व युद्धानंतर संग्रहालयाच्या संचालक झाल्या.

दोन संस्थांना जोडणारा खरा दुवा मात्र ओटो मुनेलेस (१८९४–१९६७) यांच्या रूपाने दिसतो. युद्धापूर्वी ते प्रागच्या दफनसंघाचे प्रमुख होते, म्हणजे १५६४ पासून चालत आलेल्या कामाचे वारसदार. तेरेझिन येथील नाझी घेट्टोच्या बंदिवासात त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथांची वर्गवारी करणाऱ्या, ‘ताल्मुदकोमांडो’ असे उपरोधिक नाव पडलेल्या गटाचे नेतृत्व होते. तिथून परतल्यावर ते संग्रहालयात दाखल झाले आणि जुन्या दफनभूमीतील लेखांच्या वाचनाला त्यांनी वाहून घेतले. मिलादा व्हिलीमकोव्हा यांच्यासह त्यांनी लिहिलेला दफनभूमीवरील ग्रंथ १९५५ साली प्रागमध्ये निघाला. समाधिलेखांचे त्यांचे हिब्रू संपादन त्यांच्या मृत्यूनंतर, १९८८ मध्ये जेरुसलेममध्ये प्रसिद्ध झाले. ज्या माणसाने तरुणपणी मृतांची सेवा संघाच्या नियमाप्रमाणे केली, त्यानेच उतारवयात शेकडो वर्षांपूर्वीच्या मृतांची नावे दगडावरून उतरवली. विद्वत्तेच्या दृष्टीने हे पुराभिलेखशास्त्र आहे. दफनसंघाच्या दृष्टीने ते नित्यकर्माचा पुढचा भाग म्हणता येईल. मुनेलेस यांनी हा भेद कधी केला असावा असे त्यांच्या ग्रंथांवरून वाटत नाही. त्यानंतर झिजलेल्या कित्येक शिळांचा मजकूर आज या नोंदींमुळेच वाचता येतो, हे ध्यानात घेतले तर दफनभूमीच्या रक्षणात त्यांचा वाटा कोणत्याही पाथरवटाहून अधिक आहे.

१९५० साली संग्रहालय कम्युनिस्ट सरकारने ताब्यात घेतले. या काळाचे मूल्यमापन एकरंगी करता येत नाही. दफनभूमीच्या कडेला असलेल्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर चित्रकार व्हाक्लाव्ह बोश्तीक आणि यिर्झी यॉन यांनी नाझी संहारात मारल्या गेलेल्या ७७,२९७ व्यक्तींची नावे हाताने लिहिली, ते स्मारक याच काळातले. आणि ओलीमुळे इमारत १९६८ मध्ये बंद करून नंतर ती नावे उतरवण्यात आली, हेही याच काळातले. १९९२ ते १९९६ या वर्षांत ती पुन्हा लिहिण्यात आली. २००२ च्या महापुरात व्ल्टावाचे पाणी जमिनीखालून चढले तेव्हा भिंतींच्या खालच्या भागाला पुन्हा इजा झाली. नदीकाठची ओल आणि खाणीतील तपकिरी कोळसा जाळल्याने दशकानुदशके हवेत साचलेले गंधकाचे वायू हे येथील दगडाचे दोन मोठे शत्रू आहेत: वालुकाश्म जमिनीतील पाणी शोषतो, पाणी सुकताना त्यातील क्षार पृष्ठभागाखाली स्फटिकरूप होतात व पापुद्रे सुटतात, संगमरवरावर आम्लयुक्त पाऊस पडला की त्याचा वरचा थर जिप्सममध्ये बदलतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. झाडांची मुळे शिळा उचलतात, पण तीच झाडे उतारावरची माती धरून ठेवतात, त्यामुळे ती सरसकट काढताही येत नाहीत.

झिझकोव्हच्या दफनभूमीची कथा जुन्या दफनभूमीच्या नेमकी उलट आहे. तीही त्याच समाजाची, तिथे दफन झालेले येहेज्केल लांडाऊ यांच्यासारखे रब्बीही तितकेच थोर. पण १८९० मध्ये ती बंद झाली आणि तिच्यामागे संग्रहालयासारखी संस्था उभी राहिली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या मोठ्या भागाचे उद्यान झाले, शिळा मातीखाली गेल्या आणि १९८५ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शन मनोऱ्याच्या बांधकामाने आणखी भाग गिळला. आज तिचा एक लहान कोपरा कुंपणाआड शिल्लक आहे. वय, महत्त्व वा सौंदर्य यांपैकी कशानेही दफनभूमी आपोआप वाचत नाही, याचा याहून थेट पुरावा शोधावा लागू नये. मध्ययुगीन ‘ज्यू बागे’च्या जागी १९९७ नंतर एका मोठ्या इमारतीचे काम सुरू असताना कबरी उघड्या पडल्या तेव्हा मात्र परिस्थिती बदलली होती. देशातून व परदेशातून विरोध झाला, सरकारने २००० साली मध्यस्थी केली आणि काही अवशेष आधीच हलवले गेले असले तरी उरलेल्या कबरी काँक्रीटच्या कवचाखाली जागच्या जागी ठेवण्यात आल्या. तडजोड कोणालाच पूर्ण पटली नाही. धर्मनिष्ठांना हलवलेल्या अस्थींचे दुःख होते, तर पुरातत्त्वज्ञांना संशोधन थांबल्याचे.

१ ऑक्टोबर १९९४ रोजी संग्रहालय सरकारकडून ज्यू समाजाकडे परत आले. तेव्हापासून दफनभूमीत शिळांची स्वच्छता, बळकटी व तुटलेले भाग जोडण्याचे काम टप्प्याटप्प्याने होत असते. कललेल्या शिळा सरळ करून रांगेत लावण्याचा मोह टाळण्यात आला आहे, कारण तसे करायचे तर जमिनीला हात लावावा लागेल आणि दाटीमागचा इतिहासही पुसला जाईल. अभ्यागतांना आखून दिलेल्या वाटेवरूनच जाता येते: पिंकास सिनेगॉगकडून प्रवेश, क्लाउस सिनेगॉगकडे निर्गम. महाराल यांच्या समाधीवर खडे ठेवण्याची आणि फटींत इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या सरकवण्याची रीत आहे. श्रद्धेचा मान राखून दगडाच्या सांध्यांना कागदाच्या ओलीपासून जपायचे, ही देखभाल करणाऱ्यांची अवघड कसरत असते. प्रवेशशुल्काच्या रूपाने पर्यटकांकडून येणारा पैसा दुरुस्तीला उपयोगी पडतो आणि पर्यटकांची पावले वाटा झिजवतात, या पेचावर अजून कोणी समाधानकारक उपाय काढलेला नाही.

२०२० च्या मे महिन्यात प्रागच्या व्हाक्लाव्ह चौकातील फरसबंदी दुरुस्तीसाठी उकलली असता, कम्युनिस्ट राजवटीत ज्यू समाधिशिळा कापून तयार केलेले चौकोनी दगड तिथे सापडले. त्यांची घोटीव, अक्षरे कोरलेली बाजू खाली दडलेली होती. एखाद्या दगडावर हिब्रू अक्षर, एखाद्यावर सालाचे दोन आकडे एवढेच उरले असल्यामुळे मुनेलेस यांच्या पद्धतीची नावनिशीवार नोंद त्यांच्याबाबत करता येत नाही. नगर प्रशासनाने ते दगड ज्यू समाजाच्या स्वाधीन केले आणि २०२२ साली झिझकोव्हच्या उरलेल्या दफनभूमीत, शिल्पकार यारोस्लाव्ह रोना व लुसिए रोनोव्हा यांनी रचलेल्या ‘दगडांचे परतणे’ या स्मारकात ते बसवण्यात आले.